कोंबडीच्या पोटाखालची ऊब

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत पोल्ट्रीच्या शेड उभ्या राहण्याआधी पिल्लांना ऊब कशी द्यायची, हा प्रश्न माणसापुढे नव्हताच. तो कोंबडीने सोडवलेला होता. खुडूक झालेली कोंबडी घरातली बाई बरोबर हेरून ठेवायची, पाटीत राख-भुसा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी मांडायची आणि तिला रवणीला बसवायची. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर. पुढचे काही आठवडे ती आईच्या मागे उकिरडा उकरत हिंडायची. गार वाटले की पोटाखाली शिरायची, उकडले की पंखातून डोके बाहेर काढायची. रात्री सगळ्यांवर डालगे पडले की घरच्यांची जबाबदारी संपली.

या व्यवस्थेतली खरी हुशारी पुढे यंत्र करू पाहणाऱ्यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला. कोंबडीचे अंग तापते ते साधारण एक्केचाळीस अंश सेल्सिअसपर्यंत, त्याहून फार जास्त नाही. तिच्या स्पर्शाने पिल्लू भाजत नाही, भुसा पेटत नाही, हवेत धूर होत नाही. शिवाय किती ऊब घ्यायची हे पिल्लू स्वतः ठरवते.

नुकते फुटलेले पिल्लू जेमतेम चाळीस ग्रॅमचे असते. अंगावर लव असते, पिसे नसतात, आणि स्वतःचे तापमान टिकवण्याची ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली, सुमारे ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, तापमान ठेवायचे आणि दर आठवड्याला पाच अंश फॅरनहाइटने उतरवत ७० वर आणायचे, हा या धंद्यातला पाठच झालेला हिशेब आहे. शिरूर-दौंडचा मुलूख पर्जन्यछायेतला, कोरडा. इथे पौषातल्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे बाहेरची हवा आणि पिल्लाची गरज यांत पंचवीस अंशांचे अंतर. ते रात्रभर, न चुकता, कोणीतरी भरून काढायला हवे.

आईवाचून पिल्ले वाढवण्याचा विचार जुना आहे. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. घोड्याच्या लिदीच्या उष्णतेवर त्याने अंडी उबवली आणि पिल्लांसाठी आतून मेंढीच्या लोकरीचे कातडे लावलेली पेटी केली. पिल्ले त्या लोकरीखाली शिरत. कोंबडीचे पोट हुबेहूब उतरवण्याचा तो प्रयत्न होता, आणि दिशा अगदी बरोबर होती. पुढे मात्र रॉकेल, कोळसा आणि वीज हाताशी आली आणि यंत्रे उलट्या दिशेने गेली. छोटी, लालभडक तापलेली वस्तू वर टांगायची आणि खाली पिल्ले सोडायची. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्शने निकेल-क्रोमियमच्या तारेचे पेटंट घेतले आणि विजेची शेगडी स्वस्त झाली. ती तार कित्येकशे अंशांपर्यंत तापते. भुसा, कागद आणि गोणपाट यांना पेट घ्यायला एवढी धग लागतच नाही.

महाराष्ट्रात हा धंदा वाढला त्याची पुष्कळशी सूत्रे पुण्यात आहेत. खडकीला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय पुढे पुण्यात आले. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. त्यांच्या नावाची कुक्कुटपालन शिक्षणाची संस्था उरुळी कांचनला, म्हणजे दौंड तालुक्याच्या वेशीवरच आहे. हॅचरीतून निघालेले पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते. अमेरिकेच्या टपालखात्याने १९१८ पासून जिवंत पिल्ले पार्सलने न्यायला सुरुवात केली, ती याच बळावर. त्याच बळावर पुण्याजवळच्या हॅचरीतले पिल्लू खोक्यातून यवत, केडगाव, शिक्रापूर, पाबळपर्यंत पोचते. खोके उघडले की आधी गूळपाणी, मग कागदावर पसरलेला मक्याचा भरडा. आणि पहिल्या क्षणापासून ऊब.

इथे मात्र आई नाही. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा हातभर उंच चिक गार्ड गोल लावायचा, आत तुसाची गादी, वर बांबूची टोपली किंवा पत्र्याची छत्री, तिच्यात बल्ब. पिल्लामागे एक-दोन वॅट, हा जुना ठोकताळा. थर्मामीटर असो-नसो, अनुभवी माणूस पिल्लांकडे बघून तापमान सांगतो. बल्बखाली ढीग झाला तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त. एकाच कोपऱ्यात गोळा झाली तर कुठूनतरी झोत येतो आहे. सगळीकडे सारखी पांगून खात-पीत असतील तर झोपायला जायला हरकत नाही. थंडीने केलेला ढीग सर्वांत वाईट, कारण त्यात खालची पिल्ले गुदमरून मरतात आणि सकाळी मरतूक मोजताना थंडीने एकही मेलेले नसते.

साध्या दिव्याच्या तारेत जाणाऱ्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. प्रकाशाच्या दृष्टीने हा दोष, पण पिल्लांच्या दृष्टीने हेच त्याचे काम होते. २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेतून एलईडी दिवे घरोघर गेले. विजेची बचत झाली, ती हवीच होती. पण गावातल्या दुकानातून साठ आणि शंभर वॅटचा पिवळा बल्ब हळूहळू कमी झाला आणि पन्नास-शंभर पिल्ले पाळणाऱ्या बाईचा सर्वांत स्वस्त हीटरही त्याच्याबरोबर गेला. याची नोंद कोणत्याही योजनेच्या कागदात झालेली दिसत नाही.

त्याआधीचे संकट भारनियमनाचे. २००५ नंतर काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास वीज जायची. ब्रूडरमधले बल्ब विझल्यावर शेगडी पेटवण्यावाचून मार्ग नव्हता. बाभळीचा कोळसा पाटीत किंवा पत्र्याच्या डब्यात पेटवायचा, ऊब जाऊ नये म्हणून चारी बाजूंचे पडदे पाडायचे. धोका नेमका इथेच आहे. कोंडलेल्या हवेत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. पिल्ले सुस्त होतात आणि झोपल्यासारखी मरतात. जी वाचतात त्यांतही, वाढीच्या पहिल्या दिवसांत प्राणवायू कमी पडल्यामुळे, पुढे पोटात पाणी भरण्याचे प्रमाण वाढते. रात्री शेगडीशेजारी झोपणाऱ्या माणसालाही तो वायू सोडत नाही.

हे सगळे ठाऊक असूनही शेगड्या टिकल्या, त्यामागे हिशेब आहे. १९९० च्या दशकात तमिळनाडूच्या कोइम्बतूर भागात रुजलेली करार पद्धत इकडेही आली. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, मजुरी, तूस, वीज आणि ऊब शेतकऱ्याची. खाद्य ग्रॅमवर मोजले जाते, पक्ष्याचे वजन मोजले जाते, पण उबेचा खर्च शेतकऱ्याच्या पदरात असल्यामुळे तिच्यासाठी चांगले उपकरण करण्याची घाई दुसऱ्या कोणाला नव्हती. हे चूक झाले. ज्या आठवड्यात बॅचचे भवितव्य ठरते, त्याच आठवड्याची साधने सर्वांत जुजबी राहिली.

अशा छोट्या, गावाला परवडणाऱ्या यंत्रांचा विचार करणारी एक जागा शिरूर तालुक्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतल्या हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ मध्ये पत्नी मीराताईंसह दुष्काळी पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले इथे वेल्डिंग, वीजजोडणी, शेती-पशुपालन, आरोग्य हे सारे प्रत्यक्ष काम करत शिकतात. मुलांनी जमिनीची विद्युतरोधकता मोजून गावोगावी पाण्याच्या जागा सुचवल्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल साधनांची छोटी कार्यशाळा, उभी राहिली, आणि तिच्यात दुधाची प्रत तपासणाऱ्या व डिझेल इंजिनाची जुळणी पाहणाऱ्या उपकरणांवर काम झाले. कलबागांचे २००३ मध्ये निधन झाले. शेतकऱ्याने अंदाजावर सोडलेली गोष्ट त्याच्याच गावात मोजता आली पाहिजे, ही त्या कामातली दृष्टी पिल्लांच्या उबेला जशीच्या तशी लागू पडते. वेल्डिंग येणारा, थर्मोस्टॅट जोडता येणारा आणि पिल्लू हातात धरलेला मुलगा एकच असेल, तर ब्रूडर नीट होतो.

नीट म्हणजे कसा? टांगण्यासाठी वायर नव्हे, साखळी, आणि एक तुटली तर दुसरी. तापणाऱ्या भागाभोवती जाळी, म्हणजे खाली पडला तरी तो तुसाला टेकणार नाही. अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा स्विच, सांधे घट्ट आणि बंदिस्त, कारण पोल्ट्रीतली धूळ पेट घेते. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते, म्हणून भांडी दूर. टेफ्लॉनचा लेप दिलेला दिवा तर आणूच नये. तापल्यावर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी मरतात. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, छताजवळ नाही.

यापलीकडे जाणारी रचना म्हणजे विजेवर तापणारा सपाट तक्ता. तार खोल बंद, पृष्ठभाग मोठा, तापमान पेट घेण्यापेक्षा कितीतरी खाली. तक्ता पायांवर उभा आणि पिल्ले पाठ लावून त्याखाली बसतात. वाढतील तसे पाय उंच करायचे. परदेशात असे तक्ते लहान पाळणाऱ्यांत रूढ झाले आहेत. वीजही कमी लागते, कारण सगळी हवा तापवावी लागत नाही.

वीज गेल्यावर काय, हा शिरूर-दौंडचा प्रश्न त्यानेही पुरता सुटत नाही. त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एडगर फिलो यांनी प्रचारात आणलेला बिनआगीचा ब्रूडर उपयोगी पडेल. लहान पेटी, वर पिल्लांच्या पाठीला टेकेल असे सैल रजईचे छत, कडेला हवेला वाट. पन्नास पिल्लांच्या अंगची उष्णताच तिच्यात साठते. तक्ता अशा पेटीत बसवला आणि वर घरची गोधडी सैल टाकली, तर दोन-तीन तासांच्या खंडात शेगडी आत न्यावी लागू नये. पेटीला कप्पे करून एका कप्प्यात पन्नासच पिल्ले ठेवावीत, म्हणजे ढीग झाला तरी तो लहान राहतो.