खिळ्यावाचून नाल

अश्वांविषयी लिहिताना इतिहासकाराची दृष्टी स्वाराच्या पगडीवरून निघून फार तर खोगिरापर्यंत उतरते. खुरापर्यंत ती क्वचितच पोचते. त्यामुळे नाल म्हणजे खिळ्यांनी ठोकलेले लोखंड, आणि पुरातन काळापासून ते तसेच, अशी आपली समजूत झाली आहे. वास्तविक 'नाल' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ चप्पल. रोमन लोकांचा 'सोलेआ' हा शब्दही त्याच अर्थाचा. चप्पल घालावयाची व काढावयाची असते, ठोकावयाची नव्हे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफनने खूर कठीण व्हावेत म्हणून मुठीएवढ्या गोल दगडांच्या चारपाच गाड्या ओतून त्यांवर घोडा उभा करावा, असे सांगितले. हा उपाय धडधाकट खुराचा. दुखावलेल्या खुराची चिंता रोमनांनी अधिक केली. पहिल्या शतकातील कृषिलेखक कोलुमेल्ला लंगड्या बैलाच्या खुरास गवताचा विणलेला जोडा चढवावयास सांगतो. गॉल, ब्रिटन व जर्मनीत उत्खननात लोखंडी तळाचे, वाद्यांनी बांधावयाचे जोडे सापडले आहेत. ते पक्क्या सडकांसाठी होते की औषधाची पट्टी टिकविण्यासाठी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. माझ्या मते दोन्ही उपयोग संभवतात. सम्राट व्हेस्पासिअनचा सारथी वाटेत खेचरांना जोडे घालण्यास उतरला आणि तेवढ्या अवधीत एका अर्जदाराने सम्राटास गाठले. तेव्हा 'जोडे घालण्याचे किती मिळाले?' असे विचारून सम्राटाने त्यात आपला वाटा मागितला, अशी कथा स्वेटोनिअस देतो. लाच उघडकीस आली. पण वाटेतच जोडे चढविता येत, हेही तीवरून समजते.

युरोपात खिळ्याचा नाल अकराव्या शतकापर्यंत सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडे नालबंदाचे काम इतके महत्त्वाचे, की शिलेदारास घोडी सज्ज ठेवण्यासाठी दिलेल्या आगाऊ रकमेसच मराठी दप्तरांत 'नालबंदी' हे नाव पडले. खिळ्याने लोखंड घट्ट बसे, घोडा दूर मजल मारी. परंतु खिळा धरावयास खुराचे कवच जाड व निकोप असावे लागते. कवच तडकले, पोखरले किंवा आतील हाडापासून सुटू लागले, की प्रत्येक घाव दुखणे वाढवितो, आणि ज्या घोड्यास आधाराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच तो देता येत नाही.

ही अडचण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राने दूर केली. खूर कानशीने घासून व पूर्ण कोरडा करून अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनच्या लेपाने नाल चिकटवितात. तो काही मिनिटांत धरतो. काम खर्चाचे आहे. ओल राहिली तर नाल सुटतो, आणि खूर वाढतच असल्याने पाचसहा आठवड्यांनी सारे पुन्हा करावे लागते.

या नालाची परीक्षा अमेरिकेत सर्वांदेखत झाली. बिग ब्राउन हा घोडा पुढल्या खुरांच्या दुखण्यामुळे अनेक महिने मैदानाबाहेर होता. चिकटविलेले नाल घालूनच त्याने 2008 मध्ये केंटकी डर्बी जिंकली, पाठोपाठ प्रीकनेसही. पुढे डाव्या पुढल्या खुरास तडा गेला. तो तारेने शिवून त्यावर अ‍ॅक्रिलिकचा लेप दिला गेला. बेलमाँटच्या शर्यतीत मात्र तो सर्वांच्या मागे राहिला. त्या पराभवाचे खापर नालावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. त्या खुरांवर खिळ्याचा नाल असता, तर तो डर्बीच्या मैदानापर्यंत तरी पोचला असता की नाही, याची शंकाच आहे.