अँटीव्हायरसचा खोटा अलार्म कसा ओळखायचा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये हुआवे, ऑनर आणि विवोच्या काही फोननी चक्क गूगलच्याच ॲपला व्हायरस ठरवलं होतं. याला म्हणतात फॉल्स पॉझिटिव्ह.

जळगाव-धुळ्यातले मित्र मला अशा वॉर्निंगचे स्क्रीनशॉट पाठवतात, 'भाऊ, उडवू का?' मी आधी विचारतो, ॲप आलं कुठून? प्ले स्टोअरवरचं असेल तर ॲप आणि अँटीव्हायरस दोन्ही अपडेट करून परत स्कॅन करा. बाहेरून घेतलेली एपीके असेल तर व्हायरसटोटलवर टाका, तिथे साठ-सत्तर इंजिनं एकदम तपासतात. (आधार-पॅनची पीडीएफ तिथे नको, फाइल इतरांपर्यंतही पोचते.) एखाद्यानंच लाल दाखवलं तर त्या अँटीव्हायरस कंपनीला फाइल पाठवा, उत्तर येईपर्यंत इन्स्टॉल करू नका.

व्हॉट्सॲपवर आलेली 'आरटीओ चलन' एपीके मात्र सगळीकडे हिरवी दिसली तरी थेट डिलीट.