हिशेबाची वही आणि नावाचा प्रश्न

इंदुरात आमच्या घराण्यांना कोणी विचारले की तुम्ही इथे कसे आलात, तर उत्तर तयार असते. कोणी मल्हारराव होळकरांच्या फौजेबरोबर आले, कोणी दप्तरात कारकून म्हणून, कोणी वैद्यकी किंवा पूजापाठ करायला, कोणी पुढे शाळा-कॉलेजांत शिकवायला. थोडक्यात, आम्ही आलो ते राज्याचे बोट धरून. परक्या गावात उभे राहायला जागा मागण्याची वेळ आमच्या पूर्वजांवर फारशी आली नाही. 1948 साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा कुठे आपण इथे संख्येने थोडे आहोत याची जाणीव झाली.

पण ज्यांच्या पाठीशी राज्य नसते, नातीगोती नसतात, गावाची भाषा आणि देवही वेगळे असतात, त्यांनी परक्या गावात पाय कसे रोवावेत? अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या माजी गव्हर्नर निक्की हेली यांच्या वाटचालीकडे आम्ही या प्रश्नासाठी पाहतो. त्यांच्या पक्षाशी किंवा मतांशी आपले जुळावे असे मुळीच नाही. त्यांच्या आयुष्यात दुकान आणि राजकारण या दोन दारांवर माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारले गेले, ते पाहण्यासारखे आहे.

त्यांचे वडील अजितसिंग रंधावा आणि आई राज कौर हे मूळचे अमृतसर भागातले शीख जोडपे. अजितसिंग पंजाब कृषी विद्यापीठात शिकवत. पुढे ते संशोधनासाठी कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1969 साली साउथ कॅरोलायनातील व्हूर्हीज कॉलेज या मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्थेत जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. कुटुंब राहिले बॅमबर्ग या छोट्याशा गावात. तिथेच 20 जानेवारी 1972 रोजी मुलगी झाली, निमरता निक्की रंधावा.

गावात गोरे आणि काळे अशा दोनच रकान्यांची सवय होती. निक्की आणि तिची बहीण लहान असताना गावच्या बालसौंदर्य स्पर्धेत उतरल्या. त्या स्पर्धेत एक गोरी राणी आणि एक काळी राणी निवडायची पद्धत होती. या दोघी कोणत्या रकान्यात घालायच्या हे परीक्षकांना ठरेना, म्हणून त्यांना बादच केले. पगडीधारी वडिलांबरोबर भाजी-फळांच्या बाजारात गेले असता विक्रेत्यांनी पोलीस बोलावल्याची आठवणही हेली यांनी पुढे जाहीरपणे सांगितली. वडिलांनी पैसे चुकते केले, पोलिसांचे आभार मानले, हात मिळवला आणि घरी येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.

आता दुकानाकडे वळू. राज कौर दिल्ली विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीधर. बॅमबर्गच्या शाळेत त्या शिकवत आणि 1976 साली त्यांनी घरातच कपडे व भेटवस्तूंचा छोटा व्यवसाय मांडला. नाव ठेवले एक्झॉटिका इंटरनॅशनल. व्यवसाय वाढला, घराबाहेर पडला. निक्की बारा-तेरा वर्षांची असतानाच दुकानाचे हिशेब लिहू लागली. आमच्याकडे वाण्याच्या पेढीवर मुलाला आधी वही धरायला शिकवतात, तसेच हे. आलेला डॉलर आणि गेलेला डॉलर यांची नोंद चुकली की रात्री ताळा जुळत नाही, आणि वहीला लिहिणाऱ्याचा धर्म ठाऊक नसतो. गिऱ्हाइकालाही फारसा नसतो. कपडा चांगला आणि भाव वाजवी असला की तो येतो.

1994 साली क्लेमसन विद्यापीठातून हिशेबशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी काही काळ कचरा व पुनर्वापराच्या क्षेत्रातील कंपनीत नोकरी केली आणि मग घरच्या धंद्यात परतल्या. 1996 साली मायकल हेली यांच्याशी लग्न झाले, शीख पद्धतीने आणि ख्रिस्ती पद्धतीनेही. दुसऱ्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या लग्नातली एक गंमत आमच्या वाचकांना आवडेल. नवऱ्याला सगळे बिल म्हणत. तो नाव बिलसारखा दिसत नाही असे निक्कींनी ठरवले आणि त्याच्या मधल्या नावाने, मायकल म्हणून, हाक मारायला सुरुवात केली. तेच नाव रूढ झाले. आपल्याकडे तांदळात सुनेचे नवे नाव लिहितात, इथे मुलीने नवऱ्याचे बारसे केले!

नावाचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमजही दूर करू. अमेरिकनांना खूश करण्यासाठी त्यांनी निक्की हे नाव घेतले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. निक्की हा पंजाबी शब्द आहे, अर्थ 'लहानगी', आणि तो जन्मनोंदीतच आहे. पाळण्यातले नाव एक आणि हाकेचे दुसरे, हे ज्या घरांत माई, बाळ आणि अक्का नांदले त्यांना सांगायला नको. मात्र 2001 सालच्या मतदार नोंदणीत त्यांनी आपला वंश 'गोरा' असा लिहिला होता, हेही पुढे वृत्तपत्रांतून उघड झाले. दोन रकान्यांच्या गावात वाढलेल्या मुलीने अखेर एक रकाना भरला.

राजकारणाची वाट दुकानातूनच फुटली. 1998 साली ऑरेंजबर्ग जिल्ह्याच्या आणि 2003 साली लेक्सिंग्टनच्या व्यापारी मंडळावर त्या संचालक झाल्या, आणि उद्योजक स्त्रियांच्या संघटनेतही त्यांनी पदे सांभाळली. व्यापारी मंडळ ही बाहेरून आलेल्यांसाठी मोठी सोयीची जागा असते. देवळात, चर्चमध्ये, पंगतीत घराणे विचारतात. मंडळात वर्गणी, उलाढाल आणि शब्दाचा पक्केपणा विचारतात. सहा वर्षांच्या या उमेदवारीनंतर 2004 साली त्या राज्य विधानसभेच्या निवडणुकीत उतरल्या. प्रतिस्पर्धी होते त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे लॅरी कून, सभागृहातील सर्वांत जुने सदस्य.

आणि इथे प्रश्न बदलला. मतदारांच्या घरी पत्रके गेली, त्यांत त्यांचे माहेरचे पूर्ण नाव मुद्दाम छापलेले होते आणि धर्माबद्दल कुजबुज होती. तरीही फेरमतदानात सुमारे 55 टक्के मते मिळवून त्या जिंकल्या.

हा अनुभव एकट्या त्यांचा नव्हता. दोनच वर्षे आधी, 2002 साली, आपल्या नागपूरच्या स्वाती दांडेकर आयोवा राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या. भारतात जन्मलेली स्त्री अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळात जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांचे दार दुकानाचे नव्हते, शाळेचे होते: 1996 पासून त्या लिन-मार शाळा मंडळावर होत्या. त्याही डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे हेलींच्या विरुद्ध बाजूच्या. तरी भारतात जन्मलेली, वाढलेली बाई आपले प्रतिनिधित्व कसे करणार, हा सूर त्यांच्या प्रतिस्पर्ध्यानेही लावलाच होता. पक्ष कोणताही असो, नाक्यावरचा प्रश्न तोच.

विधानसभेत हेली यांनी धरलेला मुख्य मुद्दा हिशेबाचाच होता. त्या काळी तिथे बरीचशी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होत. कोणी कशाला पाठिंबा दिला याची नोंदच राहत नसे. प्रत्येक सदस्याचे मत नोंदले गेलेच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला, पक्षातील ज्येष्ठांचा रोष पत्करला, आणि गव्हर्नर झाल्यावर 2011 साली त्या कायद्यावर सही केली. नोंद नाही तर जबाबदारी नाही, हे दुकानाच्या वहीने शिकवलेले.

2010 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाच्या एका राज्य सिनेटरने त्यांच्याबद्दल पगडीवरून शिवी उच्चारली. मतदारांनी मात्र त्यांना निवडले. 38 व्या वर्षी त्या साउथ कॅरोलायनाच्या पहिल्या स्त्री गव्हर्नर झाल्या आणि 2014 साली पुन्हा निवडून आल्या. मात्र वहीला मर्यादाही असते. राज्याच्या विधानभवनासमोर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा युद्धध्वज फडकत असे. 2014 च्या प्रचारात त्याविषयी विचारले तेव्हा, कोणाही कंपनीप्रमुखाने आपल्याशी त्याबद्दल बोलणे काढले नाही, असे उत्तर त्यांनी दिले. जमाखर्चात ज्याची नोंद नाही ते दुःखच नाही, असा याचा अर्थ होतो. 17 जून 2015 रोजी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची वंशद्वेषातून हत्या झाली. पाचच दिवसांनी हेली यांनी ध्वज उतरवण्याची जाहीर मागणी केली आणि 10 जुलै रोजी तो उतरला. त्या फळबाजाराची आठवण त्यांनी सांगितली ती याच दिवसांत. वडिलांचे ते मौन त्यांना तेव्हा कामी आले, असे आम्हाला वाटते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्थलांतरितांवर कडक तपासणी लादणाऱ्या कायद्यावर 2011 साली सही करणाऱ्याही त्याच. आपले आईवडील कायद्याने आले, इतरांनीही तसेच यावे, ही त्यांची भूमिका. तर्काला ती चुकीची नाही. पण आत आलेला माणूस दार किती ओढून घेतो, हा प्रश्न उरतोच.

2017 आणि 2018 ही दोन वर्षे त्या संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत होत्या. 2024 साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी झुंज दिली. वॉशिंग्टन शहरात आणि व्हर्मांटमध्ये जिंकल्या, स्वतःच्या राज्यात हरल्या आणि 6 मार्चला थांबल्या. त्या प्रचारात ट्रम्प यांनी त्यांच्या जन्मनावाची मोडतोड करून खिल्ली उडवली. 2004 च्या पत्रकाला वीस वर्षे झाली होती. मधल्या काळात धर्म बदलला होता, आडनाव बदलले होते, दोनदा राज्य चालवून झाले होते. तरी वेळ येताच माहेरचे नाव पुन्हा बाहेर आलेच.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. काही टाकून दिल्याने परकेपण सुटते, हा हिशेब जुळत नाही. भाषा, नाव, सण टाकायचे की राखायचे हे आपल्या घराच्या इच्छेने ठरवावे, समोरच्याच्या भीतीने नव्हे. आणि गावात जागा मिळते ती गावाचे काम अंगावर घेतल्याने, मग ते व्यापारी मंडळ असो, शाळा मंडळ असो की महापालिका. याचा दाखला इंदूरकरांच्या घरातच आहे. चिपळूणच्या माहेराहून इथे सून म्हणून आलेल्या सुमित्राताई महाजन यांना या शहराने 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेत पाठवले. त्यांच्या मतदारांत मराठी माणसे थोडी, हिंदी बोलणारी फार. पण त्यांना हाक मारताना या शहराने आपलाच शब्द घेतला: ताई.