तहातला तिसरा पक्ष

चाकूरच्या मुलांना इतिहास शिकविताना मी प्रथम विचारतो, तह कोणाकोणांत झाला? दाभोळचा वीजकरारच घ्या. १९९२ साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीची राज्य वीज मंडळाशी बोलणी ठरली. अंजनवेल-वेलदूरच्या शेतकऱ्या-मच्छीमारांची सही मात्र कोठेच नव्हती. १९९७ साली ते रस्त्यावर आले, तेव्हा लाठ्या नि कोठड्या वाट्याला आल्या. १९९९ साली वीज सुरू झाली. २००१ साली दर न परवडल्याने मंडळाने ती घेणे थांबविले, आणि त्याच डिसेंबरात कंपनीने दिवाळे काढले. हल्ली कंपन्या गावांना शाळा-दवाखाने देतात. चांगलेच आहे, परंतु देणगी घेणे म्हणजे संमती देणे नव्हे. ज्याची भूमी, त्याला सहीआधी विचारावे.