जाम झालेला हीटर प्लग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं, हे रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला दाखवून दिलं. पण त्याचं ते धूड कारखान्यात एका जागी उभं असायचं. थंडीवाऱ्यात बाहेर उभ्या राहणाऱ्या मोटारीचं गार लोखंड हवेची ती ऊब खाऊन टाकतं. म्हणून १९३६ च्या मर्सिडीज २६० डी मध्ये हीटर प्लग आले.

पुढे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारायला लागले, एकेका सिलिंडरला चार-चार व्हॉल्व्ह झाले आणि उरल्यासुरल्या जागेत बसायला प्लग बिचारा लांब, सडपातळ झाला. गोम इथेच आहे! टोकाभोवतीच्या फटीत काजळी घट्ट बसते, आटे गंजतात. दहा मिलिमीटरचा प्लग ३५ न्यूटन-मीटरच्या पुढे पिळला की तुटायची भीती. म्हणून जाणता मिस्त्री इंजिन गरम करतो, आट्यांत तेल मुरू देतो, थोडं सोडवतो, परत थोडं आवळतो. तासभर लागला तरी चालेल. कारण टोक आत तुटलं, तर पुष्कळदा अख्खं हेडच उतरवावं लागतं.