वेग आधी, लगाम मागाहून : जुन्या फोर्डच्या ब्रेकची कथा

१/ मोटारीच्या इतिहासात इंजिनांची नावे गाजली. ब्रेकची नावे मात्र क्वचितच कोणाच्या स्मरणात आहेत. जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवले, आता ती थांबवायची कशी? हा प्रश्न आजच्या हौशी मंडळींचा वाटतो. प्रत्यक्षात १९३०च्या दशकात तो अमेरिकेत ठळकपणे पुढे आला, आणि तो सोडवण्यात कॅलिफोर्नियातील तरुणांचा मोठा वाटा होता. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ प्रथम थोडे पदार्थविज्ञान. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० मैलांऐवजी १०० मैल वेग गाठला, तर थांबताना दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ब्रेकचे काम एवढेच : घर्षणाने त्या ऊर्जेची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. इंजिन बदलले म्हणून ब्रेकची क्षमता आपोआप वाढत नाही.

३/ फोर्ड मॉडेल ए ही १९२७च्या अखेरीस आली. चार सिलिंडर, ४० अश्वशक्ती. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, परंतु ते यांत्रिक. पायाचा जोर लोखंडी दांड्यांमधून चाकापर्यंत पोहोचत असे. चारही दांड्या अचूक जुळवलेल्या असतील तोवर ठीक. एक जरी सैल पडली, तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाई.

४/ मार्च १९३२मध्ये हेन्री फोर्डने व्ही-८ इंजिन जाहीर केले. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती, आणि तेही सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत. ही घटना प्रत्येक ग्रंथात सापडते. त्याच गाडीचे ब्रेक मात्र दांड्यांचेच राहिले, ही नोंद फारशी कोणी ठळक करत नाही. शक्ती ४० वरून ६५ वर गेली. थांबवण्याची रीत तीच राहिली.

५/ पर्याय उपलब्ध नव्हता का? होता. माल्कम लॉकहीड (मूळ आडनाव लॉगहेड) याने द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक विकसित केले होते. विमाननिर्मितीतील लॉकहीड हे नाव ज्या घराण्याचे, त्याच घराण्यातला हा माणूस. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कलचे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. त्यामुळे दांड्या जुळवण्याची कटकटच संपते.

६/ १९२१च्या सुमारास ड्युसेनबर्गच्या महागड्या गाडीत, १९२४मध्ये क्रायस्लरमध्ये, १९२८मध्ये स्वस्त प्लिमथमध्ये आणि १९३६मध्ये शेवरोलेमध्ये हे ब्रेक आले. फोर्डने मात्र पावलापासून चाकापर्यंत पोलादच सुरक्षित, अशी जाहिरात चालू ठेवली. द्रवाचे ब्रेक फोर्डमध्ये आले ते थेट १९३९च्या मॉडेलमध्ये. म्हणजे व्ही-८ आणि त्याला साजेसा ब्रेक यांच्यामध्ये तब्बल सात वर्षांचे अंतर पडले.

७/ हेन्री फोर्डचा हट्ट निव्वळ अडाणीपणाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्या काळच्या द्रव-ब्रेकमध्ये चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग असे. एका ठिकाणी गळती झाली की पाय थेट तळाला जाई आणि पायाचा ब्रेक पूर्ण निकामी होई. ही भीती खरी होती. मात्र तिच्यावरचा उपाय जुन्या दांड्यांना चिकटून राहण्यात नव्हता.

८/ आता दक्षिण कॅलिफोर्नियाकडे येऊ. म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून पळवत. १९३७मध्ये त्यांच्या क्लबांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. मॉडेल एच्या सांगाड्यात व्ही-८ बसवणे, हा त्यांचा आवडता उद्योग.

९/ सरोवराच्या तळावर थांबायला मैलोगणती मोकळी जागा होती, म्हणून तेथे ब्रेकची उणीव खपून जाई. कित्येकांनी तर वजन वाचवण्यासाठी पुढचे ब्रेक काढूनही टाकले. परंतु अनेकांची शर्यतीची गाडी आणि घरची गाडी एकच होती. संध्याकाळी तीच गाडी शहरातल्या चौकात उभी करायची असे. खरा धोका तेथे होता.

१०/ उपाय भंगारातून आला. १९३९ ते १९४८ या काळातील फोर्डचे द्रव-ब्रेक जुन्या फोर्डच्या आसांवर थोड्या फेरफाराने बसत. १९३९च्या गाडीतील पेडल आणि मास्टर सिलिंडरची जोडणी जुन्या चौकटीत बसवली जाई. १९३६ ते १९३९च्या चाकांचे बोल्ट मोठ्या वर्तुळात होते. १९४० ते १९४८च्या चाकांचे मात्र मॉडेल एप्रमाणेच, ५ बोल्ट आणि साडेपाच इंचांचे वर्तुळ. म्हणून ड्रमसाठी १९४०नंतरच्या गाड्यांना अधिक मागणी. असे बारकावे हाताने काम करणाऱ्यांनीच शोधून एकमेकांना सांगितले.

११/ युद्धानंतर हा छंद देशभर पसरला. जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. १९५१मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली. वृत्तपत्रांत या तरुणांची प्रतिमा बेदरकार टोळक्यांची होती, आणि रस्त्यावरच्या शर्यतींमुळे ती निराधारही नव्हती. शर्यत रस्त्यावरून हटवून आखलेल्या धावपट्टीवर नेणे आणि गाड्यांची सुरक्षातपासणी करणे, हे या संघटनेचे प्रमुख काम ठरले.

१२/ मग इंजिनांनी पुन्हा उडी घेतली. १९४९ची कॅडिलॅक १६० अश्वशक्तीची; १९५५च्या शेवरोलेचे नवे व्ही-८ इंजिन १६२ अश्वशक्तीचे. असे इंजिन मॉडेल एमध्ये बसवले, तर मूळ शक्तीच्या चौपट! आता द्रव-ड्रमही अपुरे पडू लागले. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षणही घटते. पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

१३/ याचे उत्तर होते डिस्क ब्रेक. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचे पेटंट १९०२मध्येच घेतले होते. १९५३मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्कवर जिंकली आणि वाद मिटला. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर थंड होते, आणि तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाही.

१४/ तथापि केवळ डिस्क बसवून काम भागत नाही. काही ड्रम फिरताना शूला आपल्याकडे ओढून घेतात आणि पायाला मदत करतात. डिस्क तशी मदत करत नाही. म्हणून अधिक दाब लागतो, त्यासाठी योग्य मापाचा मास्टर सिलिंडर आणि बहुधा बूस्टर लागतो. मागची चाके पुढच्यांआधी अडकली तर गाडी गिरकी घेते, म्हणून पुढचा-मागचा समतोल साधावा लागतो. आणि शेवटी गाडी थांबते ती टायर व रस्ता यांच्या पकडीवर.

१५/ फोर्डच्या जुन्या भीतीचेही निरसन झाले. एका मार्गात गळती झाली तरी दुसरा चालू राहावा, अशी दुहेरी रचना १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नव्या गाड्यांना सक्तीची झाली. ज्या आक्षेपाने सुधारणा अडवली होती, त्याच आक्षेपाने तिला अखेर परिपूर्ण केले.

१६/ या कथेत इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक धडा आहे. विक्रम, विजय आणि अश्वशक्ती यांची नोंद होते, कारण त्या साजऱ्या करता येतात. न घडलेल्या अपघाताची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. जो ब्रेक वेळेवर लागला, त्याने मागे कागद ठेवलेला नसतो. म्हणून पुढच्या वेळी संग्रहालयात जुनी गाडी दिसली की बॉनेटबरोबर चाकाच्या आतही डोकावा. त्या यंत्रावर कोणी किती विचार केला होता, याचा पुरावा बहुधा तेथेच सापडेल.

(समाप्त. थ्रेड उपयुक्त वाटल्यास जरूर पुढे पाठवा. शंका असतील तर खाली विचारा.)