छातीत पाणी होते म्हणजे काय?

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पदरांचे आवरण असते. डॉक्टर त्याला प्लुरा म्हणतात. दोन्ही पदरांच्या मध्ये जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. श्वासागणिक ते एकमेकांवरून सहज सरकावेत, एवढेच त्याचे काम. आवरणाला सूज आली की पदर घासू लागतात आणि दीर्घ श्वास घेताना किंवा खोकताना बरगडीत तीव्र कळ येते. पुढे पाणी साचून पदर दूर झाले की कळ कमी होते. रुग्णाला बरे वाटते, मात्र धाप वाढत जाते. आपण पितो त्या पाण्याशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे पाणी पिणे मनाने बंद करू नये.

हृदय अकार्यक्षम होणे, यकृत व मूत्रपिंडाचे विकार, न्यूमोनिया, कर्करोग अशी याची अनेक कारणे आहेत. आपल्याकडे तरुण रुग्णाच्या एकाच बाजूला पाणी आढळले, तर पहिला संशय क्षयरोगाचाच घेतला जातो. एक्स-रे व सोनोग्राफीनंतर जागा बधिर करून बरगड्यांमधून सुईने पाणी काढतात आणि त्यातील प्रथिने, पेशी व एडीए तपासतात. या पाण्यात क्षयाचे जंतू क्वचितच सापडतात. त्यामुळे ‘जंतू आढळले नाहीत’ या अहवालाने क्षयरोग नाही, असे ठरत नाही.

खरा धोका पुढे आहे. क्षयामुळे साचलेले पाणी पुष्कळदा आपोआपही शोषले जाते, ताप उतरतो आणि औषधे अर्ध्यावर सुटतात. क्षयावरील औषधे उपलब्ध नव्हती त्या काळात असे ‘बरे झालेल्या’ निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढील काही वर्षांत पुन्हा क्षयाने गाठल्याचे आढळले होते. म्हणूनच औषधे साधारणतः सहा महिने घ्यावी लागतात. सरकारी केंद्रांत ती मोफत मिळतात. केवळ पाणी काढून घेणे हा क्षयावरचा उपचार नव्हे.

पाण्याचा पू झाल्यास मात्र छातीत नळी घालून तो काढावाच लागतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्यांना या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, तोही वीस ते चाळीस वर्षांनंतर. त्यामुळे निवृत्त कामगारांनी आपले जुने काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. छातीत एकाएकी कळ येऊन दम लागला, तर आवरणात हवा शिरलेली असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.